दुर्मिळ चढउतार आणि लांब पल्ल्याची सरासरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांख्यिकीय भौतिकी, म्हणजे असंख्य रेणूंच्या गर्दीचं सरासरीने गणित करणारी शाखा, शिकवताना काही प्रश्न दरवर्षी येतात. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात. त्यातले बरेच प्रश्न एकाच गाठीपाशी येऊन अडतात: सरासरी हाती यायला किती थांबावं लागतं, आणि ते कोण ठरवतं? माझं उत्तर असं की ते बहुतेक वेळा सगळ्यात दुर्मिळ घटना ठरवते, रोज दिसणाऱ्या घटना नव्हेत. खालची उत्तरं या एका धाग्यावर ओवली आहेत. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत संपतात.

खोलीतली सगळी हवा आपोआप अर्ध्या भागात जाऊन बसेल का?

गतीच्या नियमांत तशी मनाई नाही. आकडे मात्र पाहा. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण २८ घनमीटर. तीत हवेचे रेणू १०च्या २६व्या घाताच्या सातपट. प्रत्येक रेणू डाव्या अर्ध्यात असण्याची शक्यता निम्मी. सगळे एकाच वेळी डावीकडे असण्याची संभाव्यता लिहायची तर एक भागिले एक प्रचंड संख्या, आणि त्या संख्येत शून्यं किती, तर १०च्या २६व्या घाताच्या दुप्पट. सेकंदाला एक शून्य या वेगाने ती नुसती लिहून काढायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ५० कोटी पट वेळ लागेल. घटना घडायची वाट पाहणं तर दूरच.

पण खोलीऐवजी १० नॅनोमीटर बाजूचा चौकोनी डबा घेतला, तर त्यात सरासरीने २५ रेणू असतात आणि ही संख्या सहज पाचाने वरखाली होते. म्हणजे वीस टक्के चढउतार, तेही सतत. घनतेच्या अशाच बारीक चढउतारांवरून सूर्यप्रकाश विखुरतो आणि आकाश निळं दिसतं. स्मोलुचोव्स्की यांनी १९०८ मध्ये आणि आइनस्टाइन यांनी १९१० मध्ये हा दुवा गणिताने जोडून दाखवला. तेव्हा चढउतार ही प्रयोगशाळेत कोंडलेली गोष्ट नाही. मान वर केली की दिसते.

साधा चढउतार आणि दुर्मिळ चढउतार, सीमा कुठे?

छापा-काटा घ्या. १०० वेळा नाणं उडवलं तर ४५ ते ५५ छापे पडणं हे रोजचं. ६० किंवा जास्त पडण्याची शक्यता सुमारे २.८ टक्के, म्हणजे वर्गातल्या साठ मुलांनी केलं तर एक-दोघांना ते दिसेल. आता साठ टक्के हाच हिस्सा ठेवा आणि नाणं १,००० वेळा उडवा. ६०० किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता साधारण सातशे कोटींत एक. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाने हजार वेळा नाणं उडवलं, तर सरासरीने एखाद्यालाच तो मान मिळेल. १०,००० वेळा उडवलं, तर विषयच सोडा.

प्रयोग दहापट लांबला की संभाव्यता दहापटीने कमी होत नाही, तिच्या घातांकालाच दहाने गुणलं जातं. हा घातांक किती वेगाने वाढतो हे सांगणाऱ्या राशीला दर-फलन म्हणतात. प्रत्येक संभाव्य सरासरीला या फलनाचं स्वतःचं मूल्य असतं: खऱ्या सरासरीपाशी शून्य, दूर जाऊ तसं चढत जाणारं. साठ टक्के छाप्यांसाठी ते सुमारे ०.०२ आहे. 'मोठ्या विचलनांचा सिद्धांत' म्हणतात तो मुख्यतः हे फलन शोधण्याचा आणि वापरण्याचा उद्योग.

मग घंटेच्या आकाराचा तो प्रसिद्ध आलेख पुरत नाही का?

मध्याजवळ पुरतो. टोकाला साफ फसवतो. शंभराच्या शंभर छाप्यांची संभाव्यता घंटेच्या आलेखावरून काढली, तर ती खऱ्यापेक्षा सुमारे दोन कोटी पट जास्त येते. दुसऱ्या एखाद्या वितरणात चूक उलट्या बाजूलाही होईल, आणि ती जास्त धोक्याची: अशक्य म्हणून सोडून दिलेलं दाराशी उभं राहतं.

हा सिद्धांत आला कुठून?

विम्यातून. स्वीडिश गणिती हाराल्ड क्रामर स्टॉकहोममध्ये विमागणिताचे प्राध्यापक होते. दावे एकदम अंगावर येऊन कंपनी बुडण्याची शक्यता किती, हा त्या व्यवसायातला जुना प्रश्न, आणि त्याच वातावरणात त्यांचा १९३८ चा निबंध आला. पुढे १९७५ पासून मनरो डॉन्स्कर आणि एस. आर. श्रीनिवास वरधन यांनी या विषयाला आजचं व्यापक रूप दिलं: नुसती नाणी नव्हेत, तर काळाबरोबर भटकणारी कोणतीही यादृच्छिक प्रणाली आणि तिची दीर्घ काळातली सरासरी. वरधन यांचा जन्म १९४० चा, चेन्नईचा. संशोधनाची सुरुवात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, नंतरची सगळी कारकीर्द न्यूयॉर्कच्या कुरांट संस्थेत. २००७ चं आबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळालं. बुडणारी विमा कंपनी आणि डब्यातला वायू यांचं गणित एकच निघावं, ही मला अजूनही मौजेची गोष्ट वाटते.

काल-सरासरी आणि समूह-सरासरी म्हणजे काय? त्या सारख्याच ना?

एका रिक्षावाल्याच्या रोजच्या कमाईची वर्षभर नोंद ठेवून सरासरी काढली, ती काल-सरासरी. एकाच दिवशी शहरातल्या सगळ्या रिक्षावाल्यांना विचारून काढली, ती समूह-सरासरी. दोन्ही सारख्या येत असतील तर प्रणाली एर्गोडिक आहे असं म्हणतात. ही कल्पना ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमन यांच्या कामातून आली, आणि गणिती बर्कॉफ व फॉन नॉयमन यांनी १९३१-३२ मध्ये तिला प्रमेयांचं रूप दिलं.

इथे पाठ्यपुस्तकांवर माझा एक जुना राग आहे. 'प्रणाली पुरेशा काळात सगळ्या अवस्थांमधून फिरते, म्हणून काल-सरासरी समूह-सरासरीइतकी येते' असं वाक्य बहुतेकांत असतं. डब्यातल्या वायूला सगळ्या अवस्थांतून फिरायला विश्वाचं वय पुरणार नाही हे आपण वर पाहिलंच. तरी दाबमापकाचा काटा क्षणात स्थिर होतो, तो कशामुळे? कारण दाबासारख्या राशीचं मूल्य जवळजवळ सगळ्याच अवस्थांत सारखं असतं. कुठेही गेलात तरी तेच दिसणार असेल, तर सगळीकडे फिरायची गरज काय? हा मुद्दा रशियन गणिती खिनचिन यांनी १९४० च्या दशकात नीट मांडला. अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. अवस्थांचे मोठे गट एकमेकांपासून भिंतीने तोडलेले असतील आणि प्रत्येक गटात मूल्य वेगळं असेल, तर भिंत ओलांडेपर्यंतची सरासरी फक्त आपल्या वाड्यापुरती खरी.

थोड्या जोडण्या टाकल्या की प्रणाली आपोआप एर्गोडिक होते का?

फेर्मी, पास्ता आणि उलाम यांनाही तसंच वाटलं होतं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या मॅनिअॅक संगणकावर त्यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या गोळ्यांची माळ घेतली, स्प्रिंगांत किंचित वाकडेपणा घातला (म्हणजे बल ताणाच्या अगदी प्रमाणात नाही), सगळी ऊर्जा पहिल्या कंपनप्रकारात भरली आणि ती सगळ्यांत समान वाटली जाण्याची वाट पाहिली. ती थोडी पसरली आणि मग जवळजवळ सगळी परत पहिल्याच प्रकारात आली. १९५५ चा तो अहवाल पुढे एका मोठ्या अभ्यासशाखेचं उगमस्थान ठरला. संगणकाचं काम मेरी त्सिंगू यांनी केलं होतं आणि त्यांच्या वाट्याला आभाराची एक ओळ आली. हल्ली या प्रश्नाच्या नावात त्यांचंही आडनाव जोडतात, उशिरा का होईना.

माझ्या प्रयोगात किती वेळ सरासरी काढावी?

आधी मोजा की तुमची राशी स्वतःचा भूतकाळ किती वेळात विसरते. याला सहसंबंध-काळ म्हणू. एकूण मोजणी १,००० सेकंदांची आणि सहसंबंध-काळ ५ सेकंद असेल, तर सेकंदाला दहा लाख वाचनं घेतली तरी खऱ्या अर्थाने स्वतंत्र वाचनं साधारण १०० च. एकूण काळ भागिले सहसंबंध-काळाची दुप्पट, एवढा साधा हिशेब आहे. त्रुटी त्या शंभराच्या वर्गमुळाने ठरते. दहा लाखांच्या वर्गमुळाने ती मोजली की आलेखावरच्या त्रुटीच्या रेघा लोभस बारीक दिसतात आणि खोट्या असतात. प्रबंधांचे कच्चे खर्डे वाचताना ही चूक मला वारंवार दिसते. माझ्या स्वतःच्या पहिल्या शोधनिबंधाच्या खर्ड्यातही ती होती.

यात एक खाच आहे. सहसंबंध-काळही आपण त्याच मोजणीवरून काढतो. मोजणीच्या काळात जी संथ घटना एकदाही घडली नाही, तिचा मागमूस आकड्यांत नसतो. सगळं स्थिर दिसतं, कारण खरी उलथापालथ अजून व्हायची असते. त्यावर यांत्रिक उपाय नाही. वेगवेगळ्या सुरुवातींपासून मोजणी करून उत्तरं जुळतात का, एवढं पाहता येतं.

वाट पाहण्याचा काळ इतका झपाट्याने का वाढतो?

कारण तो घातांकात असतो. बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, एवढ्या ऊर्जेला आपण औष्णिक एकक म्हणू. एखादा अणू खळग्यात बसून सेकंदाला १०चा १३वा घात इतक्या वेळा धडका मारतोय असं धरा. पुढचा अडथळा २० औष्णिक एककांचा असेल तर तो सुमारे ५० मायक्रोसेकंदांत पलीकडे जातो. ४० एककांचा असेल तर साडेसहा तास. आणि ६० एककांचा असेल तर साडेतीन लाख वर्षांहून जास्त. अडथळा तिप्पट, वाट मायक्रोसेकंदांवरून लाखो वर्षांवर.

रासायनिक क्रियांच्या वेगाबद्दल अर्‍हेनियस यांनी १८८९ मध्ये हे सूत्र मांडलं, आणि घर्षण असताना नेमकं काय होतं हे क्रामर्स यांनी १९४० मध्ये सोडवलं. (हे क्रामर्स डच भौतिकशास्त्रज्ञ. वरचे क्रामर स्वीडिश. विद्यार्थी दरवर्षी घोटाळा करतात.) हार्ड डिस्क बनवणारे लोक हे गणित रोज जगतात. चुंबकाचे काही कण मिळून एक बिट साठवतात, आणि उष्णतेच्या धक्क्याने ते उलटे झाले तर माहिती गेली. इथे धडका वरच्या अणूच्या मानाने हजारो पटींनी कमी वेळा पडतात, म्हणून एका कणाने दहाएक वर्षं टिकावं यासाठी साधारण ४० एककांचा अडथळा लागतो. पण डिस्कवर असे अब्जावधी कण असतात, आणि त्यातले थोडे जरी उलटले तरी नुकसान होतंच. म्हणून ६० च्या आसपासचा अडथळा धरावा लागतो. कण लहान करत गेलं की अडथळाही लहान होतो. डिस्कवर आणखी किती माहिती दाटीवाटीने बसेल याची एक मर्यादा इथून येते.

दुर्मिळ घटना घडते तेव्हा ती कशी घडते?

झटकन. हे अनेकांना विचित्र वाटतं. अणू तासन्‌तास हळूहळू चढत असतो आणि शेवटी माथ्यावर पोहोचतो, असं चित्र मनात असतं. ते चुकीचं आहे. तो तासन्‌तास तळाशीच थरथरत असतो, आणि एकदा अनुकूल धक्क्यांची रांग लागली की अगदी थोड्या वेळात पलीकडे जातो. वाट लांब, प्रवास आखूड.

शिवाय मार्गही ठरलेला असतो. अशक्यप्राय गोष्ट घडतेच आहे, तर ती त्यातल्या त्यात सर्वांत कमी अशक्य अशा रस्त्याने घडते. समतोलातल्या प्रणालीत हा रस्ता म्हणजे घसरत खाली येण्याच्या मार्गाची उलटी फिल्म. ऑन्सागर आणि माखलुप यांनी १९५३ मध्ये हे मांडलं, आणि फ्राइडलिन व वेंटसेल यांनी पुढे त्याचं काटेकोर गणित केलं. बाहेरून सतत ऊर्जा पुरवलेल्या प्रणालीत मात्र चढायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा असू शकतो. घाटात वर जाणाऱ्या गाड्यांना एक वाट आणि खाली येणाऱ्यांना दुसरी असावी तसं.

यात उष्मागतिकीचा दुसरा नियम (वाया गेलेली ऊर्जा आपोआप परत मिळत नाही) मोडत नाही का?

लहान प्रणालीत, थोड्या वेळापुरता, हो. आणि किती वेळा मोडतो याचाही नियम आहे. १९९३ मध्ये इव्हान्स, कोहेन आणि मॉरिस यांनी चढउतार-प्रमेयाचा पहिला आविष्कार मांडला. १९९५ मध्ये गालावोत्ती आणि कोहेन यांनी त्याला भक्कम गणिती पाया दिला. थोडक्यात मतितार्थ असा: दहा औष्णिक एककं ऊर्जा वाया जाण्याच्या तुलनेत तेवढीच ऊर्जा उलटी परत मिळण्याची घटना सुमारे २२,००० पट दुर्मिळ असते. एकाच एककाचा प्रश्न असेल तर ती फक्त २.७ पट दुर्मिळ, म्हणजे सर्रास दिसणारी. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत प्रकाशाच्या चिमट्यात पकडलेला मायक्रोमीटर आकाराचा मणी पाण्यातून ओढून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं, आणि नियमाविरुद्ध जाणारे क्षण सेकंदांच्या पल्ल्यापर्यंत दिसले.

तुमच्या ताटातला शेंगदाणा मात्र ताटाची उष्णता घेऊन आपणहून उडी मारणार नाही. अर्ध्या ग्रॅमचा शेंगदाणा एक सेंटीमीटर उचलायला १०च्या १६व्या घाताहून जास्त औष्णिक एककं लागतात, आणि ही संख्या पुन्हा घातांकात जाऊन बसते.

याच काळातलं यारझिन्स्की यांचं १९९७ चं समीकरण मला जास्त आवडतं. एखादा रेणू घाईघाईने, निष्काळजीपणे, पुन्हा पुन्हा ताणा आणि दर वेळी लागलेलं कार्य मोजा. त्या आकड्यांची एका विशिष्ट घातांकी पद्धतीने सरासरी काढली, तर समतोलातला ऊर्जाफरक अचूक मिळतो. आरएनएच्या रेणूवर २००२ मध्ये ते तपासलंही गेलं. पण फुकट काहीच नसतं. ही सरासरी सगळी तोलली जाते ती क्वचित घडणाऱ्या, नशिबाने स्वस्तात पार पडलेल्या खेपांवर. घाईमुळे वाया जाणारी ऊर्जा १० एककं असेल तर हजारो खेपा लागतात. २० असेल तर सुमारे ४८ कोटी. समीकरण अचूक असतं, आपलं आयुष्य कमी पडतं.

सरासरी चक्क फसवते असं कधी होतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. एक खेळ घ्या. हातात १०० रुपये आहेत. छापा पडला तर रक्कम दीडपट होते, काटा पडला तर ०.६ पट. सरासरीने दर डावाला ५ टक्के फायदा. खेळाल? १०० डावांनंतरची समूह-सरासरी आहे सुमारे १३,१५० रुपये. आणि अगदी अर्धे छापे, अर्धे काटे मिळालेल्या सामान्य खेळाडूच्या हातात उरतात ५२ पैसे.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. एक छापा आणि एक काटा मिळून रक्कम ०.९ पट होते, म्हणून दीर्घकाळ खेळणारा प्रत्येक जण बुडत जातो. १०० डावांनंतर मूळ रकमेच्या वर असणारे शंभरात जेमतेम १४. मग तेरा हजारांची सरासरी कुठून आली? ७१ च्या आसपास छापे मिळालेल्या मूठभर भाग्यवंतांकडून. ७१ किंवा त्याहून जास्त छापे मिळणारे लाखात एक-दोघेच. तुम्ही हजार लोकांकडून हा खेळ खेळवून घेतला, तर त्या हजारांत असा कोणी बहुधा नसेलच, आणि तुमची मोजलेली सरासरी खऱ्या सरासरीच्या जवळपासही जाणार नाही.

भौतिकीत ही गोष्ट पैशांशिवाय घडते. अशुद्ध, अव्यवस्थित पदार्थाच्या अतिशय बारीक तारेतून इलेक्ट्रॉन जातो तेव्हा प्रत्येक अडथळा त्याच्या पलीकडे जाण्याच्या शक्यतेला कशाने तरी गुणतो. अॅन्डरसन यांनी १९५८ मध्ये दाखवलं की अव्यवस्था पुरेशी असेल तर इलेक्ट्रॉन जागीच अडकून पडतो. १९७७ च्या नोबेलमागे हे काम होतं. अशा तारेच्या रोधाची सरासरी काढून उपयोग नाही, कारण ती काही विचित्र तारांच्या हातात असते. १९८० मध्ये अॅन्डरसन, थाउलेस, अब्राहम्स आणि फिशर यांनी ठामपणे मांडलं ते हेच: सरासरी काढायची तर रोधाच्या लॉगॅरिदमशी नातं असलेल्या राशीची काढा. तीच प्रत्येक तारेत सारखी वागते.

गुणाकाराने वाढणारी कुठलीही गोष्ट सरासरीने मोजून दाखवली जात असेल, तर मी आधी लॉगॅरिदम मागतो. म्युच्युअल फंडाचा एजंट घरी आला होता तेव्हाही मागितला होता. तो परत आला नाही.

बराच वेळ खेळलं की दोघे खेळाडू निम्मा-निम्मा वेळ पुढे असतील ना?

नाही. निष्पक्ष नाणं, दर छाप्याला तुम्हाला एक रुपया, काट्याला मला. चोवीस तास खेळत राहू. एकूण वेळातला किती हिस्सा तुम्ही पुढे होता? निम्मा, हे उत्तर सर्वांत कमी संभवनीय आहे. जवळजवळ सगळा किंवा जवळजवळ शून्य, हीच उत्तरं जास्त संभवतात. पाचांतून एकदा असं घडतं की आपल्यातला एक जण दिवसभरात ३५ मिनिटांपेक्षाही कमी वेळ पुढे असतो. पॉल लेव्ही यांनी १९३९ मध्ये हा नियम सिद्ध केला. बरोबरीवर परत येणं निश्चित आहे, पण त्यासाठी लागणारा सरासरी वेळ अनंत आहे, म्हणून निम्म्यावर स्थिरावण्याइतकी उसंतच कधी मिळत नाही. लेसरच्या प्रकाशात लुकलुकणारे क्वांटम बिंदूही (काही नॅनोमीटरांचे अर्धवाहक स्फटिक) असेच वागतात. त्यांचे मिटण्याचे कालखंड इतके विषम असतात की एकाच प्रकारच्या दोन बिंदूंची काल-सरासरी वेगवेगळी येते आणि जास्त वेळ पाहिलं तरी जुळत नाही.

अव्यवस्थित पदार्थांत वेगळं काय?

तिथे दुर्मिळ घटनेबरोबर दुर्मिळ जागाही येते. चुंबकीय पदार्थात जागोजागी बिनचुंबकी अणू यादृच्छिकपणे पेरले आहेत असं समजा. कुठेतरी योगायोगाने एखादा मोठा भाग पूर्ण शुद्ध राहून गेलेला असतो. असे भाग फारच क्वचित, पण ते अतिशय संथ असतात: सगळा भाग एकदम उलटायला प्रचंड काळ लागतो. ग्रिफिथ्स यांनी १९६९ मध्ये अशा भागांचा परिणाम ओळखला. उशिराच्या काळात साऱ्या पदार्थाचं वागणं ही मूठभर बेटं ठरवतात आणि पदार्थाची स्मृती नेहमीच्या घातांकी वेगाने पुसली जात नाही. दीपक धर, मोहित रांदेरिया आणि जेम्स सेथ्ना यांचा १९८८ चा निबंध याच संथपणाबद्दल आहे. धर यांची दीर्घ कारकीर्द कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये. सांख्यिकीय भौतिकीतलं २०२२ चं बोल्ट्झमन पदक त्यांना जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत मिळालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय.

यादृच्छिक खाचखळग्यांच्या एका रेषेवर भटकणाऱ्या कणाचं सिनाई यांनी १९८२ मध्ये गणित केलं. साध्या भटकंतीत अंतर काळाच्या वर्गमुळाने वाढतं, इथे काळाच्या लॉगॅरिदमच्या वर्गाने. दुप्पट लांब जायला किती वेळ लागेल हे विचारूच नये.

२६ जुलै २००५ चा पाऊस ही अशीच दुर्मिळ घटना होती का?

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तिथल्या वर्षाच्या सरासरीच्या सुमारे चाळीस टक्के. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. दुर्मिळ तर खरीच. पण वरचं गणित जसंच्या तसं लावायला मी धजणार नाही. त्या गणिताला नियम न बदलणारी प्रणाली लागते, आणि हवामान तसं राहिलेलं नाही. शंभर वर्षांच्या नोंदीतून काढलेली सरासरी पुढच्या शंभर वर्षांची हमी देत नाही.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांचा अर्थही लोक चुकीचा घेतात. एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत, असा तो नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता धरली तर वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो येण्याची शक्यता १८ टक्के होते.

जे कधी घडतच नाही ते संगणकावर कसं अभ्यासतात?

नाणं मुद्दाम खोटं करून. छाप्याकडे झुकणारं नाणं वापरायचं म्हणजे ६०० छापे सहज पडतात, आणि मग केलेल्या लबाडीचा नेमका हिशेब ठेवून उत्तरातून ती वजा करायची. दुसरा मार्ग शाखा फोडण्याचा: अडथळा थोडा चढलेल्या प्रतींच्या नकला काढायच्या, घसरलेल्या टाकून द्यायच्या. ही कल्पना १९५० च्या सुमाराची, अणुभट्टीच्या जाड भिंतीतून एखादाच न्यूट्रॉन निसटतो तो मोजण्यासाठी वापरलेली. काल-सरासरीच्या दुर्मिळ मूल्यांसाठी तिचं नवं रूप जार्दिना, कुर्चान आणि पेलिती यांनी २००६ मध्ये दिलं. प्रथिनांच्या घड्यांपासून सगळीकडे आता या पद्धती लागतात. कोणत्या दिशेला झुकवायचं हे आधी कळावं लागतं, आणि तिथेच खरी बुद्धी खर्च होते.

घरी करून पाहण्यासारखं काही?

आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर करायला छान आहे. सहा चिंचोके घ्या, त्यांवर १ ते ६ आकडे लिहा. दोन वाट्या आणि ल्युडोचा फासा. सगळे चिंचोके डाव्या वाटीत ठेवा. फासा टाका, जो आकडा येईल तो चिंचोका असेल त्या वाटीतून दुसऱ्या वाटीत. हा खेळ पॉल आणि तात्याना एरेनफेस्ट यांनी १९०७ मध्ये बोल्ट्झमन यांच्यावरच्या आक्षेपांना उत्तर म्हणून मांडला, फक्त त्यांच्याकडे चिंचोक्यांऐवजी दोन कुत्रे आणि त्यांच्या पिसवा होत्या.

थोड्याच फाशांत वाट्या तीन-तीनच्या आसपास येतात आणि तिथेच घुटमळतात. सगळे चिंचोके पुन्हा डावीकडे येण्याला सरासरी ६४ फासे लागतात. प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहा, कारण गंमत त्यात आहे: सहांतून एकदा ते लगेच दोन फाशांत परत येतात, आणि कधी दोनशे फासे झाले तरी येत नाहीत. चौसष्ट ही संख्या वहीत क्वचितच दिसेल.

मग चिंचोके वीस करा आणि फाशाऐवजी हाउजीच्या १ ते २० आकड्यांच्या सोंगट्या वापरा, प्रत्येक वेळी काढलेली सोंगटी परत पिशवीत टाकून. आता सरासरी १०,४८,५७६ वेळा काढावं लागेल. तीन सेकंदाला एक या वेगाने, जेवणखाण न करता, ३६ दिवस. तीस चिंचोके घेतलेत तर शंभराहून जास्त वर्षं.